चमचाभर तर्री

प्रिय धनराज,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. आशावहिनींच्या हाती पाठवतोय, कारण त्या समोर उभ्या असल्या की तुला ते फाडायच्या आधी वाचावं लागेल. वर ‘प्रिय’ लिहिताना जरा रागच आला होता, पण खोडलं नाही. तेवढं माझ्या बाजूने धर.

आधी सहादूचं बघू. हा सहादू द्वारका चौकात रिक्षा लावतो, पण त्याचा खरा धंदा बातम्यांचा. त्याने तुला येऊन सांगितलं की गोरखभाऊ गंगापूर रोडला दुसऱ्याची मिसळ खाऊन ऱ्हायले. रविवारी सकाळी त्याने मला त्या हॉटेलच्या जिन्यावरून उतरताना पाहिलं, हे खरं आहे. पण तो जिना वर माझ्या आहारतज्ज्ञ बाईंकडे जातो. खाली मिसळ आणि वर कोलेस्टेरॉल, अशी ती इमारत आहे. बाई मला तंतुमय पदार्थांचं महत्त्व सांगत होत्या आणि खिडकीतून काळ्या मसाल्याची फोडणी आत येत होती. मी मान डोलावत होतो ती नक्की कशाला, ते मलाही ठाऊक नाही. मी तोंड पुसत उतरलो, असंही सहादू म्हणाला म्हणे. अरे, तोंडाला पाणी सुटलं होतं, ते पुसत होतो.

तर बातमी ही, की माझं कोलेस्टेरॉल वाढलंय. रिपोर्ट माझ्या आधी तृप्तीच्या फोनवर बंगळूरला पोचला. लेकीने तिथून आईला फोन लावला, आणि मी बाजारातून परत येईपर्यंत योगिनीने घरातली शेव, फरसाण आणि डालड्याचा डबा शेजारी पोचवला होता. तुझ्याकडे रविवारी यायचं मी त्यामुळेच बंद केलं. तुझ्या दुकानात बसून नुसता चहा पिणं मला जमलं नसतं, आणि तू ते चालूही दिलं नसतंस. माझ्या तर्रीने आजवर कोणाला काय झालंय, असं विचारत तू वाटी पुढे सरकवली असतीस आणि मी ती संपवली असती.

आता माझ्या नाश्त्याची कहाणी ऐक. पहिला आठवडा ओट्सचा. योगिनीने ते पाण्यात शिजवून समोर ठेवले, तेव्हा मला वाटलं घरात भिंतीला पोस्टर लावायचंय. मग मीच स्वयंपाकघरात घुसलो. एसटीत आयुष्य गेलं, पण कढईशी माझं जमेल असं कधी वाटलं नव्हतं. नाचणीची आंबील ताक घालून, वर जिऱ्याची पूड. ज्वारीच्या पिठात मेथी चिरून घातलेली धिरडी, तव्याला तेलाचं नुसतं बोट लावून. मुगाचं धिरडं, सोबत जवसाची चटणी. आणि सगळ्यांवर वरताण म्हणजे मोड आलेली मटकी वाफवून, वर कांदा, टोमॅटो, कोथिंबीर आणि लिंबू. म्हणजे मिसळच, फक्त त्यातून तर्री, शेव आणि आनंद काढून टाकलेला. पण खरं सांगतो, पोट भरतं. दुपारी जेवायची वेळ झाली तरी भुकेची आठवण येत नाही. गोळीही चालू आहे आणि नवा रिपोर्ट बरा आलाय. योगिनीने तो फ्रिजवर लावलाय, दहावीच्या निकालासारखा.

हे सगळं मी तुला सावकाश, समोर बसून सांगणार होतो. पण काल भाजीबाजारात आशावहिनी भेटल्या. म्हणाल्या, हे हल्ली माळ्यावर चढताना मध्येच फरसाणाच्या पोत्यावर बसतात, छाती चोळतात आणि गॅस झाला म्हणतात. तपासायला चला म्हटलं तर उत्तर ठरलेलं, मी सकाळी चहाशिवाय काही घेत नाही, मला कसलं कोलेस्टेरॉल. वहिनींना ते पटलंय. मला नाही पटलं, कारण तुझ्या कढईशेजारच्या बाकावर मी इतकी वर्षं बसलोय. पातेलं उतरलं की तू पळीने तर्री तळहातावर घेऊन चाटतोस. मीठ घातलं की पुन्हा घेतोस. ओळखीचं गिऱ्हाईक आलं की त्याच्या देखत, बघा कशी झालीय म्हणून, आणखी एकदा. दुपारपर्यंत तुझ्या पोटात जेवढी तर्री जाते तेवढी कुठलंही गिऱ्हाईक पचवणार नाही. ती ताटलीत वाढलेली नसते, म्हणून तू ती खाण्यात धरत नाहीस. मिसळवाल्याचा उपास म्हणतात तो हाच.

म्हणून हे पत्र, धनराज. मला भीती वाटतेय, आणि ती तुझ्या तोंडावर बोलायला गेलो तर तू हसण्यावारी नेशील. उद्या सकाळी सातला मी दारात रिक्षा घेऊन उभा असेन, रिक्षा सहादूचीच. हृदयाच्या डॉक्टरांकडे तुझं नाव लावलंय. आज रात्री परत छातीत तसं झालं तर सकाळची वाट बघू नकोस, लगेच हाक मार. उद्याची तर्री गेणू आचारी चाखेल, खारट झाली तर एक दिवस नाशिक सोसेल. तू फक्त चपला घाल आणि ये, तळहात न चाटता. आहारवाल्या बाईंनी मला महिन्यातून एकदा मिसळीची सूट दिलीय, वर चमचाभर तर्री. तो चमचा मला तुझ्याच हातचा हवाय, अजून खूप वर्षं. सहादूची बातमी खरी करायची वेळ माझ्यावर आणू नकोस.

तुझाच,
तर्रीवाचून तगलेला
गोरक्ष