उजव्या पायाचा मोजा

मंगळवार, संध्याकाळ

प्रिय चिमे,

मोजा निघेना, म्हणून तो तसाच पायात ठेवून लिहायला बसले आहे. उजव्या पायाचा. डावा निघाला. तू बरी असशील, पोरं शाळेला लागली असतील. सुट्टीत तू माझे फार लाड केलेस.

इकडे शिलाईच्या दुकानात उसंत नाही. सुट्टी संपली की दरवर्षी हेच. निम्मं गाव कंबर सैल करून मागतं. काल बँकेतल्या बाई आल्या. माप द्यायला पडद्यामागून बाहेरच येईनात.

"तुम्ही हसाल," म्हणाल्या.

मी म्हटलं, "अहो, कपडा तुमच्या मापाचा करायचा असतो, तुम्ही कपड्याच्या मापाचं व्हायचं नसतं. म्हणून तर शिवणीत कापड राखून ठेवतो आम्ही."

बाईंना रडूच आलं. आमचे मास्तर कापड बेतता बेतता म्हणाले, "ताई, हे एकदा घरच्या आरशालाही सांगा."

ते माझ्यावर चिडलेत. मी डबा आणत नाही आणि दिवसभर उभ्यानं काम करते म्हणून.

डबा बंद केलाय. तुझ्याकडे खाल्लं ते उतरायला नको? सकाळी पाण्याच्या टाकीपर्यंत चालते, संध्याकाळी पुन्हा. निघताना तू विचारलंस, साखरेच्या गोळ्या घेतेस ना? मी हो म्हटलं. गोळ्या इथेच होत्या, माझ्या कपाटात. सुट्टीभर एकही घेतली नाही. आल्यावर साखर तपासली, आकडा पाहिला आणि यंत्र पालथं घालून ठेवलं. तेव्हापासून चालते आहे.

नव्या बुटांनी फोड आला. करंगळीच्या बाजूला. दुखला असता तर थांबले असते. दुखतच नाही, चिमे. मला तेच आवडत नाही.

मोजा ओला लागतो. परवा दुकानात मास्तरांनी उठून खिडकी उघडली. कशासाठी ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

डॉक्टरांकडे जायचं ठरवलं आहे. फक्त आधी आकडा जरा खाली आणते, थोडी बारीक होते, मग दाखवते. या अवतारात कुठे जाऊ? ते विचारणारच, सुट्टीत काय केलंत म्हणून.

आई असंच म्हणायची. जरा बरी होते, मग जाऊ. तिचा पाय गुडघ्याखाली कापला तेव्हा तुला मावशीकडे ठेवलं होतं. तुला पुढचं माहीत नाही. ती पायासाठी रडली नाही. भिंतीकडे तोंड करून "माझंच चुकलं, माझंच चुकलं" म्हणत राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ऐकलं आणि माना हलवल्या.

इथवर लिहून मघाशी थांबले. बँकेतल्या बाई आठवत होत्या. त्या आतून म्हणाल्या असत्या, आधी बारीक होते, मग माप द्यायला येते, तर मी काय केलं असतं? पडदा सारला असता, हाताला धरून उजेडात आणलं असतं. रागावले नसते. परक्या बाईसाठी हे मला सहज जमतं. स्वतःसाठी हात पुढे होत नाही. फोनवर मी बरी आहे म्हणेन, म्हणून लिहिलं.

पोरांना पापा.

अजून पडद्यामागेच उभी असलेली,
तुझी ताई

बुधवार, सकाळ. पत्र टाकायचं राहिलं होतं. उठून पोटभर खाल्लं, गोळी घेतली, मग मास्तरांना फोन केला. ते दुकानातली मोठी कात्री घेऊन आले. मोजा कडेने कापला. चिकटला होता तेवढा तसाच राहू दिला. दोन बोटं काळी आहेत. ते म्हणाले, "ताई, चला." खाली गाडी उभी आहे. पत्र त्यांच्याजवळ देते.