उशाखालची गाठ

घिवली, दसरा,
२३ ऑक्टोबर १९६६

चि. मारुती यास,

नागोरावचे आशीर्वाद. सासूबाईंना माझा दंडवत. पाकिटात आपट्याची पानं घातली आहेत, पोचेपर्यंत वाळतील, तरी त्यांच्या हातात दे.

इकडे सगळं ठीक. तारापूरच्या बांधकामावर माणसं वाढली, त्यातली तीस माझ्या हाताखाली. पाऊस सरला, गावभर बोंबील वाळत टाकलेत. इंदू लग्न होऊन पहिल्यांदा आली तेव्हा नाकाला पदर लावूनच फिरायची.

दिवाळीच्या पाडव्याला तिला माहेराहून आणून सोडतो असं तू लिहिलंस. त्याचंच उत्तर द्यायचं आहे, पण आधी दुसरं सांगतो.

मला एक सवय लागली आहे. ऐकून हसशील. रोज सकाळी एका सुतळीला जेवढी कामं तेवढ्या गाठी मारायच्या आणि सुतळी मनगटाला बांधायची. सिमेंटवर ताडपत्री टाकणं एक गाठ, पाण्याची टाकी भरून घेणं एक गाठ. काम झालं की गाठ सोडायची आणि त्याला ज्याचा हात लागला त्याचं नाव घ्यायचं, मोठ्यानं. राहिलेली गाठ उशाखाली घेऊन झोपायचं.

हे ठकीनं शिकवलं. ठकी म्हणजे नवशाची आई, इथली कोळीण. नवशा माझ्या टोळीत होता. नारळी पौर्णिमेनंतर होड्या दर्यात गेल्या आणि हा तीन दिवस कामावर नाही. चौथ्या दिवशी आला तसा मी फावड्याचा दांडा त्याच्या खांद्यावर घातला. दुसऱ्यांदा उचलला तर त्यानं तो हिसकून घेतला. मग मला मारलं मारुती, मारलं म्हणजे मारलं. दोन बरगड्या गेल्या, पुढचे दात गेले. तोंडात रक्त आणि वाळू. माझीच तीस माणसं बघत उभी होती, एकही पुढे आला नाही. मी त्यातल्या प्रत्येकाला कधी ना कधी हाणलं होतं.

शेवटी नवशानंच मला पाठीवर घेतलं. म्हणाला, "मारला मी, तर बरा पन मीच करनार."

आठ दिवस त्याच्या पडवीत पडून होतो. ठकी हळद लावायची आणि शिव्या द्यायची. एकदा विचारलं, "कामगारांना मारतस कशाला?" म्हटलं, कामं होत नाहीत, साहेब मला बोलतो. तर म्हणाली, "कामं तू इसरतस आन मार दुसऱ्याला! आमची मानसं दर्यावर जाताना इसरली तर जीव जातो. सुतळी घे. आन नाव घेतल्याबिगर गाठ सोडू नको. ज्याचं नाव घेतलं, त्याच्यावर हात उठत नाय."

अगदी उठत नाही असं नाही. भाद्रपदात रामू नावाच्या पोऱ्याला थोबाडीत दिली. दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेलो तर तो मला बघून पळत सुटला. दोन दिवस त्याच्या मागे फिरलो तेव्हा ती गाठ सुटली.

आता सासूबाईंसमोर वाचत असशील तर इथं थांब. इंदूला ओट्यावर बोलाव आणि पुढचं तिच्यासमोर वाच.

ती विहिरीच्या पायरीवरून घसरली नव्हती.

ज्येष्ठात पाऊस आला आणि सिमेंटवर ताडपत्री टाकायची मी विसरलो. चाळीस पोती दगड झाली. साहेबानं सगळ्यांदेखत आईवरून शिवी दिली. घरी आलो, चूल थंड. ती लांबच्या विहिरीवर पाण्याला गेली होती. वड्याचं तेल वांग्यावर काढलं. ती परतली तशी, हंडा डोक्यावर असतानाच मी फावड्याचा दांडा घातला. हंडा पडला, तिनं हात वर केला, तर हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, मारुती. ऐकून परत एकदा मारलं.

पायरीवरून पडले हे तिनंच ठरवलं. हाडवैद्याला सांगितलं, तुला सांगितलं. तू न्यायला आलास तेव्हा मला म्हणालास, "दाजी, आक्का तुमचं लई कौतुक करती, तुम्ही रात्रंदिवस बसून होता म्हणे." तुझ्या आईनं दिलेले लाडू मी खाल्ले. तेव्हा थुंकायला हवं होतंस माझ्यावर.

तिच्यावर रागावू नकोस. खोटं ती माझ्यासाठी बोलली. तिचा उजवा हात अजून वळत नाही असं तू लिहिलंस. आणि पाडव्याला आणतो म्हणतोस. पाडव्याला ती मला ओवाळणार, कोणत्या हातानं?

'मारुतीला सांगणे' ही गाठ दीड महिना उशाखाली आहे. रोज सकाळी पहिली तीच मारतो, रोज रात्री तीच उरते. काल खंडेनवमीला फावडी, पहारी, घमेली धुऊन मांडली. ज्यावर पोट चालतं त्याचे उपकार मानायचे. सगळ्यांना हळद-कुंकू लावत आलो आणि त्याच दांड्यापाशी हात थांबला. तो तसाच उचलून घरी आणला.

म्हणून, तिला आणू नकोस. यायचं की नाही ते तिला विचार, आणि विचारताना गप्प बस, समजूत घालू नकोस. नाही म्हणाली तर तिचं लुगडं-भांडी मी पोचती करीन. हो म्हणाली तरी वर्षभर थांबव. माझा भरवसा मलाच अजून नाही.

तू मात्र ये. एकटा ये. बोईसरला उतर, घिवलीत नवशाचं घर कोणीही दाखवेल, त्याच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत मी आता राहतो. काठी आणू नकोस, गाडीत अडचण होते. दांडा दाराशी ठेवला आहे. मी हात वर करणार नाही.

गाठ आता सोडतो. नाव इंदूचं घेतो.

दाजी म्हणायचं की नाही ते तू ठरव,

नागोराव