येताना आपली खुर्ची आणावी

ता. ४ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोन केला की पत्र लिही म्हणून ठेवून देतेस, म्हणून हा कागद.

बाबा गेल्यानंतरचा कारखान्याचा हा पहिला स्नेहमेळावा. या वेळी तो मी नीटनेटका करणार आहे. शुक्रवारी गिऱ्हाइकांना हॉटेलात जेवण आणि आभार. शनिवारी कामगारांना कारखान्यातच खाऊची पाकिटं आणि आपलं नाव छापलेली पाण्याची एकेक बाटली. बसायला भाड्याच्या खुर्च्या सांगितल्या आहेत, पांढऱ्या झालरींसकट. गिऱ्हाइकांना लाकडाच्या भुशात बसवणं मला पटत नाही.

खरी काळजी वेगळीच आहे. मिस्त्रींना फर्निचरच्या एका मोठ्या कंपनीने बोलावलं आहे. मेळावा झाला की सांगतो, एवढंच म्हणाले. ते गेले तर बाकीचेही त्यांच्यामागे जातील आणि मला कारखान्याला कुलूप लावावं लागेल. माझ्याशी कुणी धड बोलत नाही. बाबांना सगळे दादा म्हणायचे, मला मॅडम म्हणतात.

हॉटेलात दोन शब्द बोलायला ये.

लोभ जास्त असावा, ओरडा कमी.
तुझी भिंगरी


ता. ९ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

खुर्च्या करणाऱ्यांच्या घरचं कार्य आणि बसायला भाड्याच्या खुर्च्या! तुझं पत्र मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा चष्मा पुसून.

आता ऐक. पहिल्या मेळाव्याचं निमंत्रण मी लिहिलं होतं. नुकतीच बी.ए. झाले होते, त्यामुळे घरातलं सगळं लिखाण माझ्या गळ्यात. दादाने गावभर आमंत्रणं तोंडी देऊन ठेवली, आणि मग त्याच्या लक्षात आलं की होत्या नव्हत्या तेवढ्या खुर्च्या विकल्या गेल्या आहेत. तो डोक्याला हात लावून बसला. मी निमंत्रणाच्या तळाशी एक ओळ घातली: येताना आपली खुर्ची आणावी.

लोकांना गंमत वाटली. दातांचे डॉक्टर खुर्ची डोक्यावर घेऊन आले. मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाई हातगाडीवरून आल्या, त्याही खुर्चीत बसूनच. अंगणात सरसाचा वास भरलेला, दादा बाह्या दुमडून चहा ओततो आहे, आणि तेव्हाचे काटकुळे मिस्त्री एकेक खुर्ची उलटी करून, तळाची खूण बघून, ही अमक्याच्या हातची म्हणून ओरडून सांगताहेत. ज्याच्या हातची खुर्ची, तो त्या गिऱ्हाइकाशेजारी बसला. डॉक्टरांनी पाठ टेकून सांगितलं की माझी कंबर या माणसाने वाचवली. त्या माणसाचा चेहरा मला अजून दिसतो. पुढे बरीच वर्षं तीच ओळ छापली, तुझ्या जन्माआधी कधीतरी ती गळली. रात्र झाली तरी कुणी उठत नसे. शेवटी दादाला दिवे मालवावे लागत.

तू दोन दिवस केलेस, म्हणजे करणारा एकीकडे आणि बसणारा दुसरीकडे. बाटलीसाठी कुणी थांबत नसतं. हॉटेलात भाषण ठोकायला मी येणार नाही.

लोभ आहेच. अक्कल वाढावी, ही विनंती.
तुझी आत्या


ता. १५ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

ओरडा पोचला. हॉटेल रद्द केलं, झालरी नको म्हणून कळवलं. एकच संध्याकाळ, आपल्याच अंगणात. ओळही छापली, पण लाजेने बारीक अक्षरांत. लोक आता दहाव्या मजल्यावर राहतात, खुर्ची घेऊन कोण उतरणार? नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांनी फोन करून विचारलं की ही चेष्टा आहे का.

मिस्त्रींनी निमंत्रण वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं, आणि मॅडम, करवतीला धार लावून आणतो म्हणून निघून गेले. यातून मी काय समजायचं? आता तरी ये.

तुझ्या लोभावरच विसंबून,
भिंगरी


ता. २० नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

गुडघ्यांनी नकार दिला आहे. त्यांच्यापुढे माझंही चालत नाही. पण मीही तुमचं गिऱ्हाईक आहे. ज्या खुर्चीत बसून मी वाचते-लिहिते, ती टेम्पोने पाठवते आहे. गोणपाट सोडायचं नाही, तळ पाहायचा नाही. खुर्ची उलटी करायचा मान मिस्त्रींचा. हे पत्र पलंगावर बसून लिहिलं आहे. अक्षर वाकडं आलं असेल तर दोष तुझा.

लोभ खुर्चीबरोबर पाठवला आहे.
आत्या


ता. २८ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आत्या, माणसं आली! दातांच्या डॉक्टरांची सून त्यांची खुर्ची घेऊन आली. डॉक्टर नाहीत, पण खुर्चीला घरात सुट्टी नाही म्हणे. नाट्यगृहाच्या खुर्च्या तीन-तीन जोडलेल्या, तर व्यवस्थापक हमाल लावून तिन्ही घेऊन आले. म्हणाले, भावंडांना सोडून एकटी यायला तयार होईना. वेत विणणाऱ्या काकूंनी नुसता हात फिरवून आपली वीण ओळखली आणि हसता हसता तिथेच बसकण मारली.

शेवटी तुझी खुर्ची. मला वाटलं बाबांच्या हातची असणार. मिस्त्रींनी ती उलटी केली आणि बाहीने तळ पुसला. तळाला खिळ्याने कोरलेली वेडीवाकडी भिंगरी होती. मला पार विसर पडला होता. चौथीच्या सुट्टीत त्यांच्या हाताखाली मी ठोकलेली ती डुगडुगती खुर्ची! बाबा जळणात टाकणार होते आणि तू काखोटीला मारून नेली होतीस.

मिस्त्रींनी ओरडून सांगितलं की ही आमच्या भिंगरीच्या हातची, आणि हिचा एक पाय अजून आखूड आहे. सगळं अंगण हसलं. मग त्यांनी मला बाबांच्या जागेवरून उठवून कारागिरांच्या रांगेत बसवलं. शेजारी गिऱ्हाइकाची, म्हणजे तुझी, जागा रिकामी.

निघताना ते म्हणाले की भिंगरे, सोमवारी लवकर ये, पाय सारखा करून टाकू. कंपनीचं मी विचारलं नाही, त्यांनीही काढलं नाही.

दिवे मला मालवावे लागले.

तुझी,
भिंगरी


ता. २ डिसेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पाय सारखा करायचा नाही. इतकी वर्षं त्या डुगडुगीवर मी तोल सांभाळला आहे. गिऱ्हाइकाची तक्रार नसताना दुरुस्ती कसली? मिस्त्रींसाठी सोमवारी दुसरं काम काढ. मंगळवारीही.

खुर्ची टेम्पोने पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. पलंगावर लिहून मान अवघडली आहे. पुढच्या वर्षी ती ओळ ठसठशीत अक्षरांत छाप. गुडघ्यांना मी आत्तापासूनच बजावून ठेवते आहे.

खुर्ची मी आणीन. मला तू आण.

लोभ वाढला आहे, हे मान्य.
आत्या