नावेतला दुसरा माणूस

सहावा महिना, सहावी तिथी

चित्रं उन्हाला घालायचा दिवस. अस्तरवाल्या ताओकाकांनी वर्षानुवर्षांची काजळी धुऊन, पाठीला नवं कागदी अस्तर लावून दिलेलं, बाबांनी काढलेलं चित्र अंगणात उलगडलं. डोंगर फिके! बाबांची शाई अशी नव्हतीच. धुकं, ती नाव, नावेतला एकटा माणूस — सगळं आहे, पण जीव नाही.

शेजारी ही तिच्या माहेरची गुंडाळी उलगडून बसलेली. तेच डोंगर, पण नावेत दोन माणसं! सासऱ्यांनी कुणाकडून तरी उतरवून घेतलेली नक्कल. मी नेहमीसारखा हसलो, ‘‘बिचाऱ्याला माणसंसुद्धा मोजता आली नाहीत!’’ ही म्हणाली, ‘‘वीस वर्षं तेच म्हणताय. एकदा जवळ येऊन बघा तरी.’’ नक्कल काय बघायची?

आठवी

मित्राला, शिएला दाखवलं. त्याची नजर तयार आहे. कागद चाचपून म्हणाला, ‘‘सोललाय हा!’’ कागद दुपदरी, शाई खालपर्यंत झिरपते. भिजवून वरचा पदर अलगद काढला की एकाची दोन चित्रं — वरचं झकास, खालचं फिकं. हे अस्तरवाल्याचंच काम. ‘‘चित्रावरचा बाबांचा शिक्का बघ,’’ शिए म्हणाला. ‘‘तो तेलकट लाल रंग खाली उतरत नाही. खालच्या पदरावर नव्याने मारावा लागतो.’’

नववी

शिक्का लालभडक. मी तर तो कायम काळपट पाहिलेला! ह्याच ताओकाकांच्या मांडीवर खेळलोय मी.

अकरावी

गेलोच दुकानात. म्हातारा खळ ढवळत होता. ‘‘वरचा पदर कुठाय?’’ — ‘‘धाकटे मालक, तुमच्या वडिलांचं चित्र तुमच्या घरातच आहे.’’ बास! नजर वर केली नाही. चोरी करून वर कोडी घालतोय!

तिथून चहाच्या दुकानात गेलो आणि भर गर्दीत सगळं बोललो. बरं वाटलं.

सतरावी

लोक ताओकडून आपापली चित्रं परत नेताहेत. ही माझ्याशी धड बोलत नाही. ‘‘अहो, उभा जन्म गेला त्यांचा ह्या कामात, आणि तुम्ही चारचौघांत...’’ म्हटलं, निर्दोष माणूस भांडायला आला असता. हा गप्प का?

एकविसावी

शिक्का पुन्हा पाहिला. कोपऱ्यातला टवका थेट बाबांच्या शिक्क्यासारखा. पण तो तर बाबांच्या शवपेटीत गेला! मनात पाल चुकचुकली. मग म्हटलं, बनावट करणाऱ्याने टवकाही उतरवला असेल. लबाड!

सव्विसावी

ताओकाकांच्या शेजारणीने पुडकं आणून दिलं. आत बाबांनी त्यांना लिहिलेलं जुनं पत्र —

‘वरचा पदर व्याह्यांना दे. खालच्यावर मी शिक्का मारून घेईन. मी खालचा ठेवला हे कळलं तर ते घ्यायचे नाहीत, म्हणून कुणाला बोलू नकोस, माझ्या मुलालाही नाही. नावेत आम्ही दोघं होतो. त्यांच्या आकृतीची शाई फिकी, ती खाली उतरली नाही. असू दे, मी एकटा बसेन.’

हिच्या खोलीत धावलो. ती ‘नक्कल’ वीस वर्षांत पहिल्यांदा जवळून पाहिली. नावेत बाबा. सासरे. ताओकाकांनी आमच्या चित्रावरची नुसती काजळी धुतली होती.

मग तसाच अनवाणी ताओकाकांकडे. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, ‘‘सकाळच्या नावेने गेले. एकटेच.’’