मुखवट्यासाठी काढलेली मिशी

आबा, गेल्या आठवड्यात मी मिशी काढली. तुमच्यासाठी नाही.

झोपेत माझा श्वास थांबतो. घोरता घोरता गप्प होतो आणि बुडणाऱ्यासारखा हवा ओढत उठतो. दिवसा व्यासपीठावर बसल्या जागी मान पडायची, समोरच्या बायका पदराआड हसायच्या. मुंबईच्या डॉक्टरांनी परदेशातून आणवलेलं एक यंत्र दिलं. त्यातून येणारी हवा नळीतून नाकावरच्या रबरी मुखवट्यात शिरते आणि घसा उघडा ठेवते. पण मुखवटा काही केल्या बसेना. पट्टे आवळले की नाकाच्या दांडीवर वळ उठायचे, सैल सोडले की ओठावरून शिट्टी वाजायची आणि हवा डोळ्यांत जायची. मी कापूस लावून पाहिला, धोतराचं मऊ फडकं लावून पाहिलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, "मिशीतून हवा निसटते. ती काढा, नाहीतर यंत्राचा उपयोग नाही." घरी आलो, आरशासमोर बसलो आणि चहा निवायच्या आत मोकळा झालो.

तुम्ही गेलात त्या दिवशी भिवपुरीला नदीवर न्हावी वस्तरा घेऊन बसला होता. आई हात जोडत होती, "आज तरी नको भांडू रं. बापासाठी येवढी मिशी उतरव." मी नुकता पुस्तकं वाचून पेटलेला. पॉवरहाऊसमधले तुमचे सोबती उभे असताना, तुमच्या चितेसमोर, मी भाषण ठोकलं: दुःख वस्तऱ्याने मोजायचं असतं का? गर्दीत कुणीतरी मान डोलावली; मला तेवढी पुरली. धाकट्या भावाने मुकाट्याने डोकं पुढे केलं. त्यानंतर आई माझ्याशी बोलताना डोळ्यांकडे बघायची, त्याखाली कधी नाही.

मिशी काढून बाहेर आलो तेव्हा ती ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. मला पाहून तिने सूप बाजूला ठेवलं, माझी हनुवटी धरून ओठावर अंगठा फिरवला. "उतरवलीस रं? बापासाठी उतरवलीस?" भर मैदानात शब्द मला कधी कमी पडले नाहीत, आबा. "आई, ते..." एवढंच झालं. तोवर ती अंगणात, शेजारणीला हाका मारत. "अगं ये गं, माझ्या पोराला बाप आठवला!" चुलतभाऊ कुंपणापलीकडून म्हणाला, "काय पुढारी, न्हावी आत्ता गावला?" आई खेकसली, "तू गप रं. आला ना वळणावर!"

दुसऱ्या दिवशी तिने तुमच्या नावाचं पान वाढलं, खीर केली. कावळ्याचा घास माझ्याकडून ठेववला. मी ठेवला. असल्या घासांवर मी किती सभा गाजवल्या आहेत! उशाशी यंत्र पाहून तिने विचारलं, "ह्ये काय हाय?" मी म्हणालो, "सर्दीचं."

सांगायला हवं, हे रोज ठरवतो. पण आता ती माझा सगळा चेहरा बघते, आणि ते मला सोडवत नाही. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्याला मी माईकवरून ढोंगी म्हटलं असतं.

हे तुम्हाला पोचणार नाही, म्हणूनच लिहिता आलं. मुखवटा आता नीट बसतो. लाज याची वाटते, आबा, की मला गाढ झोप लागते.