काड्यांवर धरलेला सूर

माय, तुझ्या सिंथेसायझरमधले सगळे आवाज गेले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे बाकीचं लिहिताना आडवळणं घ्यावी लागणार नाहीत. बाबांना आता अकोल्याला एकट्यानं राहणं जमत नाही, म्हणून होळीनंतर मी त्यांना अमरावतीला माझ्याकडे घेऊन आले. घर आवरताना माळ्यावर तो निघाला, सोलापुरी चादरीत गुंडाळलेला, वर बाबांच्याच हातची सुतळीची गाठ. टॅक्सीच्या मागच्या सीटवर त्याला आडवा ठेवला आणि मी शेजारी अंग चोरून बसले. बाबा पुढे. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं, त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. घरी पोचल्यावर एवढंच म्हणाले, "त्याले उन्हात नोको ठेवू."

ते वाद्यच तसं होतं. आजच्या कीबोर्डात आवाज तयार भरलेले असतात, बटण दाबलं की बासरी, दुसरं दाबलं की व्हायोलिन. त्यात तयार असं काहीच नव्हतं. आत विजेचे कच्चे सूर आणि वर खुंट्यांची, सरकपट्ट्यांची रांग. त्या कच्च्या सुराला जाड करायचं, त्याची धार कापायची, त्याला हळू उगवायला आणि हळू विझायला लावायचं, सगळं हातानं. त्यात अकोल्याचं ऊन लागलं की सूर आपोआप खालीवर सरकायचे. ऑर्केस्ट्राच्या मालकानं ते मुंबईहून कोणाचं तरी वापरलेलं आणलं होतं आणि त्याच्या वादकांनी दोनचार कार्यक्रमांत हात टेकले होते. तू तिथे पेटी वाजवायचीस. माहेरी फुलांची शेती, गावच्या भजनात शिकलेली पेटी, आणि बाबा ऑर्केस्ट्रात निवेदन करायचे म्हणून तुला सोबत घेऊन गेलेले. बाबा अजून सांगतात, तू मालकाला म्हणालीस, "मले घरी नेऊ द्या. काय म्हणते ते पाहतो मी." मालक हसला आणि त्यानं नेऊ दिलं.

आपल्या घरात तीन पिनांचा सॉकेट फक्त स्वयंपाकघरात होता. त्यामुळे ते वाद्य तिथेच, तेलाच्या उपड्या पिप्यांवर, ओट्याकडे तोंड करून. मी शाळेतून येते आहे, दार उघडं आहे, आणि आत एक सूर चालू आहे, न थांबता, एकसारखा. तू तर भाकरी थापते आहेस. पट्ट्यांच्या फटींत तू माचिसच्या काड्या खोचून ठेवल्या आहेत, म्हणजे त्या दाबलेल्याच राहतात आणि तुला ओट्यापाशी उभं राहून ऐकता येतं. भाकरी तव्यावर टाकतेस, हात धुतेस, पदराला पुसतेस, एक खुंटी केसभर फिरवतेस आणि परत ओट्यापाशी जातेस. शेजारची काकू खिडकीतून विचारते, "काहून वो, काय बिघडलं?" तू म्हणतेस, "बिघडलं नाई. बनून राहिलं."

एकावर एक दोन आवाज ठेवायची सोय त्या यंत्रात होती. एकाच पट्टीवर खाली एक थर, वर दुसरा. पण आत एकूण आठच सूर वाजू शकत, आणि थर लावला की आठाचे चार होत. पाचवं बोट टेकलं की पहिल्या बोटाचा सूर गळा दाबल्यासारखा बंद. बाकीचे वादक याला यंत्राची खोट म्हणत. तू कोणता सूर जाऊ द्यायचा ते आधी ठरवून वाजवायचीस. कौंडण्यपूरच्या यात्रेतल्या कार्यक्रमात मी तुझ्या मागे सतरंजीवर बसून तुझी बोटं पाहिली होती. एक बोट उचललं जायचं ते असं, की सूर गेला हे कळायचंच नाही.

बनवलेला आवाज यंत्रात एकेका नंबरावर साठवता यायचा, पण तुझ्या सगळ्या आवाजांना नावं होती. मोठी सनई, छोटी सनई, काच, आणि एक विहीर. विहीर हा आवाज तू लग्नातल्या पाठवणीसाठी बनवला होतास. खालचा थर जड, दोन सूर जवळजवळ एक, पण पुरते एक नाहीत, त्यामुळे आत काहीतरी सावकाश हलत असल्यासारखं वाटायचं. वरचा थर पंचमाचा, अगदी बारीक, पट्टी दाबल्यावर कितीतरी वेळानं उगवणारा, त्यात थोडी वाऱ्याची सळसळ. मांडवात तो आवाज सुरू झाला की नवरीच्या मावश्या, आत्या, सगळ्या पदर तोंडाला लावायच्या. मी एकदा तुला म्हटलं, तुझ्यामुळे सगळे रडतात. तू वायर गुंडाळत होतीस. म्हणालीस, "पोरीसाठी रडते लोकं. आवाज फक्त जागा करून देते." आणि वायर गुंडाळत राहिलीस. तुझ्या स्वतःच्या पाठवणीत काय वाजलं होतं ते मी कधी विचारलं नाही.

मला तू एकदाच रागावलीस. मूर्तिजापूरच्या एका लग्नात, दोन गाण्यांच्या मधे, मी सहज एक सरकपट्टी वर केली. पुढचं गाणं सुरू झालं आणि सनईच्या जागी टिनाचा पत्रा ओरबाडल्यासारखा आवाज निघाला. गायक थांबला, लोक हसले. तू क्षणात ते सावरलंस. परतीच्या गाडीत मी तुझ्या मारण्याची वाट पाहत बसले होते. तू मारलं नाहीस. इतकंच बोललीस, "हात सगळ्यायलेच हाये. आधी आयकत जा, मंग हात लाव." दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर स्वयंपाकघरात तुझ्या स्टुलाशेजारी एक पाट मांडलेला होता. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी तू एक खुंटी फिरवायचीस आणि मी डोळे मिटून सांगायचं, काय बदललं. आज मी जे करते, अमरावतीतल्या या छोट्या स्टुडिओत बियाण्यांच्या जाहिराती आणि भजनं रेकॉर्ड करते, ते त्या पाटावरून आलेलं आहे. पुढे कोणाकडे शिकले असं मला सांगता येत नाही.

मग तयार आवाजांचे कीबोर्ड आले. नागपूरहून एक नवा वादक आला, त्याच्या एका बटणात कॅसेटमधलं गाणं जसंच्या तसं होतं. मालक घरी आला, चहा घेतला आणि बशीकडे पाहत म्हणाला, "वहिनी, लोकायले आता कॅसेटीसारखंच पायजे. हे तुमीच ठेवा, आमाले आता काय कामाचं." बाबा काहीतरी बोलणार होते, तू त्यांना डोळ्यांनी थांबवलंस. तो गेल्यावर कप धुतलास. त्या संध्याकाळी काड्या लावल्या नाहीस.

वर्षभर घरी तू वाजवत राहिलीस. मग आठातला एक सूर मेला. यंत्र ते आठ सूर पाळीपाळीनं वापरायचं, म्हणजे दर आठव्या वेळी दाबलेली पट्टी मुकी. अकोल्यात ते उघडून पाहणारा कोणी नव्हता. तू काही दिवस त्या मुक्या सुराला चुकवून वाजवलंस, मनातल्या मनात मोजत, त्याच्या पाळीला भलतीच पट्टी दाबून. पण मोजत वाजवताना तुझा चेहरा वाजवणाऱ्या माणसाचा नसायचा. एक दिवस तू त्याच्यावर धुतलेले डबे उपडे घातलेस, निथळायला. मी पाहत राहिले आणि तू मला म्हणालीस, "काय पाहून राहिली? जागा अडून राहिली होती." त्यानंतर ते डबे ठेवायचंच टेबल झालं.

तुझ्या आजारपणाबद्दल मी फार लिहिणार नाही. नागपूरच्या चकरा तुला माहीत आहेत, मला माहीत आहेत. शेवटच्या उन्हाळ्यात एका दुपारी तू म्हणालीस, "डबे काढ त्याच्यावरचे. जरा चालू कर." मी डबे काढले, धूळ पुसली, तुझी खाट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत सरकवली, पिन लावली. लाइट नव्हती. लोडशेडिंगची वेळ बदलली होती त्या आठवड्यात. तू म्हणालीस, "लाइट येईन ना." आपण वाट पाहिली. मी पट्ट्यांवर काड्या खोचून ठेवल्या, म्हणजे लाइट आली की लगेच वाजेल. तू विचारलंस कुठल्या पट्ट्या, मी सांगितलं, तू एक बदलायला लावलीस. मग तुझा डोळा लागला. लाइट आली तेव्हा सूर आपोआप सुरू झाला, आणि तू जागी होशील म्हणून बाबांनी धावत येऊन बटण बंद केलं. परत कधी तू चालू कर म्हणाली नाहीस, आणि श्रावण लागायच्या आत तू गेलीस.

आता यंदाचं. इथे माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, ॲम्प्लिफायर दुरुस्त करतात, माझ्याच वयाचे. त्यांनी तुझं यंत्र उघडलं. मेलेला सूर त्यांनी दोन दिवसांत जिवंत केला. पण आत एक छोटी बॅटरी असते, यंत्र बंद असताना तू साठवलेले आवाज तीच धरून ठेवते. ती फुगली होती, तिचं पाणी सुटून आतल्या सर्किटला हिरवा गंज चढला होता. आश्चर्य हे की आवाज अजून होते. मी त्याचा नंबर दाबला आणि माझ्या स्टुडिओत तुझा विहीर वाजला. ते गृहस्थ म्हणाले, "ताई, ही ठेवली तर गंज सगळं खाऊन टाकीन. दुसरी जोडून मंग ही काढतो, पण बॅटरीचे पाय सडले आहे. आवाज राहीन याची ग्यारंटी नाही." आवाजांची सगळी मांडणी कॅसेटवर उतरवून घ्यायचं एक छिद्र मागे होतं, तेही गंजानं गेलेलं. मी त्यांच्याकडून थोडे दिवस मागून घेतले.

सगळे आवाज मी रेकॉर्ड करून ठेवले. पण रेकॉर्डिंगमध्ये हात घालता येत नाही. तू आवाज कसा बांधलास ते मला हवं होतं, आणि साठवलेला आवाज वाजत असताना खुंट्या खऱ्या जागा दाखवत नाहीत. म्हणून मग एकच आवाज घेतला, विहीर, आणि काड्या लावून बसले. एक खुंटी हळूहळू फिरवायची, काही फरकच ऐकू येईनासा झाला की ती जागा लिहायची, नंबर दाबून आवाज परत मूळ करायचा, मग पुढची खुंटी. खालचा थर सापडला. वरच्या थराशी मी अडले. तिथला एक सूर तू मुद्दाम जरासा उतरवून ठेवलेला होतास, किती, ते मला रोज वेगळं ऐकू यायचं. माझे कान आता पाटावरच्या मुलीचे नाहीत, माय. वरचं बारीक मला पूर्वीसारखं येत नाही.

बॅटरी काढली आणि सगळ्या नंबरांवर एकच कर्कश भोंगा उरला. ते गृहस्थ मान खाली घालून हत्यारं आवरू लागले. मी म्हटलं, तुमचा दोष नाही. ते गेल्यावर मी लिहिलेल्या जागांवर खुंट्या लावल्या आणि अंदाजानं वरचा थर बसवला.

बाबांना बोलावलं. ते खुर्चीत बसले, डोळे मिटले, ऐकलं.

"चांगलं हाय," ते म्हणाले. "पण तिचा डोलत जाय. हा उभाच हाय."

"बाबा, तो उन्हानं डोलायचा. इथं एसी आहे."

"मंग बंद कर ना एसी."

मी बंद केला. स्टुडिओला खिडकी नाही. चैत्रातली दुपार, पाऊण तासात भिंती तापल्या, यंत्राची पाठ हाताला चटका देऊ लागली. बाबांचा सदरा पाठीला चिकटला. मी काड्या तशाच ठेवल्या होत्या. आणि सूर सुटायला लागला, आधी खालचा, मग वरचा, एकमेकांपासून थोडे दूर जायचे, परत यायचे. मी बाबांकडे पाहत होते. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते आणि मान अगदी खाली गेली होती. मग ते म्हणाले, "बस झालं आता." भिंतीला धरत उठले आणि बाहेर गेले. तो तुझा होता की नव्हता, त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. ते त्या खोलीत परत आलेले नाहीत.

हे कागद मी कुठे ठेवणार ते अजून ठरवलेलं नाही. बाबांच्या हाती लागू नयेत, एवढंच. कारण एक गोष्ट त्यांना सांगण्यासारखी नाही. वर तुझी जेवढी वाक्यं लिहिली, ती शब्दान् शब्द तुझी आहेत, त्याची मला खात्री आहे. पण लिहिताना ती मला माझ्याच आवाजात ऐकू आली. तुझ्या बोलण्याचा आवाज जाड होता की पातळ, माय, ते मला आता आठवत नाही.