नावाचा रकाना

१२ जून
न्यायमंडळाच्या मंजुरीचा अर्ज परत आला! चार महिने कागदी घोडे नाचवले आणि वर लाल शेरा— "अपूर्ण. अध्यक्षांचं नाव लिहा."
आमच्या वडीलधाऱ्यांच्या न्यायमंडळाचा अध्यक्ष म्हणजे माझा थोरला भाऊ. मे महिन्यात गेला. किती वेळा सांगायचं यांना, गेलेल्याचं नाव आम्ही आदिवासी घेत नाही आणि लिहीतही नाही! सगळी वस्ती त्याला आता कुमंजायी म्हणते, गेलेल्या कुणालाही म्हणतात तेच. मीही तेच लिहिलं. पण सरकारी कागदांत मंडळ त्याच्या नावावर नोंदलेलं, म्हणून खरं नावच हवं म्हणे. पंचवीस वर्षं आमच्या जिवावर पगार घेतात, एवढंही ठाऊक नाही?

१६ जून
डार्विन शहरातल्या सरकारी कचेरीत फोन केला. पोरगी गोड आवाजात म्हणाली, "नुसतं लिहायचंच आहे ना, मॅडम? बोलायचं थोडंच आहे?"
फोन आपटला. मग स्वतःवरच चिडले. गरज आम्हाला आहे, मंडळाची मंजुरी आणि निधी दोन्ही ३० जूनला संपतात.

१७ जून
आता फोनच उचलत नाहीत.

२३ जून
लॉरेल आली होती, माझ्या बहिणीची मुलगी. लायसन्स नसताना तिसऱ्यांदा गाडी चालवताना सापडली— तापाने फणफणलेल्या लेकराला दवाखान्यात नेत होती! ३ जुलैला कोर्ट. मंडळ बसलं तर न्यायाधीश म्हाताऱ्यांचं ऐकतात, शिक्षा इथेच भोगता येते. पण मंजुरी नसेल तर मंडळाला बसूच देत नाहीत. मग तीनशे किलोमीटरवर तुरुंग आणि दोन्ही पोरं परक्यांच्या घरी.
"मावशी, तुम्ही सगळे बसणार ना?"
बसणार म्हणाले. काय तोंडाने म्हणाले कुणास ठाऊक.

२७ जून
मर्लवहिनीला भेटायला वस्तीबाहेर सुतकाच्या तळावर गेले. भाऊ गेल्यापासून ती बोलत नाही, फक्त हातांच्या खुणा. वर्षभर तरी असंच. मी काही मागायला गेले नव्हते, खरंच नाही. पण चहा उकळेपर्यंत त्या कचेरीचा असा उद्धार केला की शेजारची कुत्री उठून गेली. लॉरेलचंही सांगून बसले. वहिनी ऐकत होती.
जीभ आवरायला हवी होती.

३० जून
सकाळी दारात वहिनी! सुतकात ती तळ सोडत नाही. बोटांनी पेन मागितलं. मी नको नको म्हणत राहिले, तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. रकान्यात त्याचं नाव लिहिलं, सावकाश, पूर्ण. मग बाहेर जाऊन वाळूत हात घासत बसली, किती तरी वेळ.
मी कागद पालथा धरूनच फॅक्सच्या यंत्रात घातला. रडले. दुःखापेक्षा संतापानेच जास्त.

२ जुलै
मंजुरी मिळाली, फोन आला. पत्र मागून येतंय.

३ जुलै
मंडळ बसलं! न्यायाधीशांनी ऐकलं. लॉरेल घरी, पोरांजवळ. सहा महिने म्हाताऱ्यांच्या नजरेखाली राहायचं आणि लायसन्स काढायचं. वहिनी आली नाही. तळावर अजून हात घासते म्हणतात.

७ जुलै
पत्र आलं. मंजुरीची तारीख २६ जून. वरिष्ठांनी आधीच्याच अर्जावरचं 'कुमंजायी' तसंच चालवून घेतलं होतं. कळवायचं राहून गेलं, दिलगीर आहोत.
पत्र कपाटात घालून कुलूप लावलं. वहिनीला कळता कामा नये.